पगार नाही, मग जातेस कशाला?

वडोदऱ्यातल्या मराठी घरात मुलगी परदेशी जाते म्हणाली की पहिला प्रश्न पगाराचा येतो. पगार नाही, उलट तिकीटही आपल्याच खर्चानं, हे कळलं की बैठकीच्या खोलीत काय होतं ते मी अनेकदा जवळून पाहिलंय. सेवेसाठी आफ्रिकेत जाणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या पथकांची कागदपत्रं आणि सामान तपासायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे चहा आणि बोलणी दोन्ही मलाच मिळतात. दांडिया बाजारातल्या एका घरी आजींनी मला सरळच विचारलं, "अहो, आपल्या सयाजी हॉस्पिटलात पेशंट कमी पडले का?" मी चहात तोंड घातलं. उत्तर नातीनंच दिलं: "आजी, इथे मी पंचविसावी असते. तिथे पहिली असेन." आजी थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग थेपले जास्त ने." परवानगी झाली.

अशा वेळी मी सेवेसाठी चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढतो, पण जपून. त्यांच्यावरचा १९४६ सालचा शांतारामबापूंचा सिनेमा घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतो आणि त्याचा शेवटही. कोटणीस परत आले नाहीत. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच गेले. त्यामुळे मी शेवट सोडून सुरुवातच सांगतो. सोलापूरचा हा मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकला. तिथले डीन जीवराज मेहता. म्हणजे आपल्याच बडोदा संस्थानचे एके काळचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, पुढे इथले दिवाण, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहतांचे यजमान! एवढं सांगितलं की समोरच्या काकांचा चेहरा सैल होतो. माणूस चीनला गेलेला असो की चंद्रावर, बडोद्याचा धागा सापडला की आमच्याकडे तो घरचा होतो.

कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याची तयारी मात्र मला दुसऱ्याच कारणासाठी आवडते. तिथे मागणी आधी आली आणि माणसं नंतर निघाली. जपानशी लढणाऱ्या चिनी फौजेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबू. त्यांचं हरिपुऱ्याचं अधिवेशन इथून फार लांब नाही, सुरतेकडे तापीकाठी भरलेलं.  सुभाषबाबूंनी आवाहन केलं, देशभरातून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टर ठरले. पुढारी अलाहाबादचे डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयानं सगळ्यांत मोठे. कोटणीस सत्तावीस वर्षांचे, पुढच्या परीक्षेच्या मागे लागलेले. त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून घरी कळवलं. वडिलांनी होकार दिला.

आता आमच्याकडचं बघा. निघण्याच्या आठवड्यात घरात मोठी बॅग उघडी पडलेली असते आणि येणारा-जाणारा तीत काहीतरी टाकून जातो. परवा एकीतून मी जे काढलं ते असं: दोन महिन्यांनी मुदत संपणारी खोकल्याची सिरपं, औषध कंपनीच्या एमआरनं दिलेले सॅम्पल आणि कात्रीनं कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. कापलेल्या पट्टीच्या मागे फक्त 'एबी' एवढीच अक्षरं उरली होती. नाव गेलं, तारीख गेली. असलं औषध तिथला कस्टमवाला घेणार नाही आणि घेऊही नये. देणगीचं औषध पोचतेवेळी किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. दानाची औषधं जाळून टाकण्याचा खर्च घेणाऱ्या देशाच्या माथी येतो, हे दात्यांना कुणी सांगत नाही. मी सांगितलं तर एक मावशी रुसल्या. सामानाच्या तेवीस किलोंत त्यांच्या सिरपांची जागा खाखऱ्यांनी घेतली, ते बरंच झालं.

कागदांत सगळ्यांत जास्त घोळ घालतं ते पिवळं कार्ड. पीतज्वराची लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, पण बरीच मंडळी अजून जुना दहा वर्षांचा हिशेब धरून बसलेली असतात. पीतज्वराच्या देशातून परत येताना हे कार्ड नसलं, तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दुसरं म्हणजे व्हिसा. फुकट काम म्हणजे काम नव्हे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पर्यटक म्हणून शिरून रुग्ण तपासायला बसलं की अडचण होते. तिथल्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी आणि योग्य परवाना हातात आल्याशिवाय मी तिकीट काढू देत नाही. यावरून वाद होतात, होऊ देत.

कागदांची अडचण कोटणीसांच्या पथकालाही चुकली नव्हती. पथकात आधी डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती. ते कम्युनिस्ट, म्हणून ब्रिटिश सरकारनं पासपोर्टच दिला नाही.   सेन यांच्या जागी ऐनवेळी कलकत्त्याचे तरुण डॉ. बिजय बसू आले आणि १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीनं पथक मुंबईहून सुटलं.

आमच्या प्रतीक्षा यादीतली पोरं फार कुरकुर करतात. त्यांना मी बसूंचं पुढचं सांगतो. बाकीचे तिघे आधी परतले. कोटणीसांबरोबर चीनमध्ये टिकले ते हेच, शेवटच्या क्षणी आत आलेले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी कलकत्त्यात आणली. यादीतल्या मुलांना माझं सांगणं एवढंच असतं की लस टोचून घ्या आणि पासपोर्टची मुदत आजच बघा. सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर उद्या सकाळी अर्ज.