अंध संगीतकार आणि संगणकाची कळ

सुरांची पारख करण्यास डोळे लागत नाहीत, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. लुई ब्रेल याने १८२९ साली फ्रान्समध्ये आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली, ती केवळ अक्षरांसाठी नव्हती. स्वरलेखनाचीही सोय तिच्यात होती. तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. आपल्याकडे रवींद्र जैन यांनी जन्मांध असूनही मुंबईत राहून ‘चितचोर’ (१९७६) सारख्या चित्रपटांना संगीत दिले. त्या काळी वादक समोर बसलेले असत आणि ध्वनिमुद्रण यंत्राचे खटके हाताने चाचपून ओळखता येत.

पुढे ध्वनिमुद्रण संगणकावर गेले. आवाज पडद्यावर रेघांच्या रूपाने दिसू लागला. खटक्यांच्या जागी त्यांची चित्रे आली आणि ती माऊसने दाबायची झाली. म्हणजे मौज पाहा! ज्या विद्येचा सारा व्यवहार कानांचा, तिच्या दारावर डोळ्यांचा पहारा बसला. ज्याला ही साधने हाताळता येत नाहीत, त्याला आज या धंद्यात काम मिळणे कठीण. तेव्हा हा प्रश्न केवळ सोयीचा नसून उपजीविकेचा आहे.

अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर या साधनाच्या मदतीने. ‘जॉज’ हे असे साधन १९८९ मध्ये आले. ‘एनव्हीडीए’ हे मोफत मिळणारे साधन ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये हाती घेतले. हे साधन पडद्याकडे ‘पाहत’ नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते समोरच्या सॉफ्टवेअरला विचारते, “येथे काय आहे?” सॉफ्टवेअरने “बटण, नाव अमुक, सध्या बंद” असे उत्तर दिले, की ते बोलून दाखविते. संगीताच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मात्र बटणे ही नुसती रंगविलेली चित्रे असतात. विचारले तर उत्तर नाही. दारांवर पाट्याच नसलेल्या वाड्यात रात्री शिरलेल्या पाहुण्यासारखी वापरणाऱ्याची अवस्था होते.

येथे मॅक्रो उपयोगी पडतो. मॅक्रो म्हणजे अनेक क्रियांची मालिका एका कळीवर बांधणे. गायकाची ओळ पुन्हा मुद्रित करायची आहे, असे समजा. ओळीच्या आरंभी जायचे, तिची पट्टी मुद्रणास सज्ज करायची, लयीचे ठोके चालू करायचे आणि मुद्रण सुरू करायचे. डोळस माणूस हे चार ठिकाणी माऊस दाबून करतो. मॅक्रो ते एका कळीत करतो. चित्रातील बटणांनाही असेच वश करता येते. खिडकीच्या कोपऱ्यापासून बटण किती अंतरावर आहे, हे डोळस मित्राच्या मदतीने एकदा मोजून ठेवायचे. मग कळ दाबताच माऊस त्या जागी जातो, बटण दाबतो आणि ‘घुमारा’ असे त्याचे नाव उच्चारतो. त्या जागेचा रंग तपासून बटण चालू की बंद, हेही सांगता येते.

परंतु या युक्तीचा पाया कच्चा आहे. खिडकीचा आकार बदलला, किंवा नव्या आवृत्तीत बटण बोटभर सरकले, की मॅक्रो भलतीच जागा दाबतो. पाहता येत नसल्याने चूक लगेच कळतही नाही. म्हणून ज्या सॉफ्टवेअरला आतूनच विचारता येते, तेथे काम अधिक पक्के होते. ‘रीपर’ या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक सर्व क्रिया कीबोर्डवरून करता येतात, अनेक क्रिया जोडून एक करता येतात आणि बाहेरच्या जाणकारांना त्यात भर घालता येते. या मोकळिकीचा लाभ घेऊन जेम्स टे या अंध संगणकतज्ज्ञाने ‘ओसारा’ ही मोफत जोडणी तयार केली. कोणत्या पट्टीवर आहोत, तिचा आवाज किती, ती बंद आहे काय, हे ती बोलून सांगते. तेथे अंतरे मोजावी लागत नाहीत. ‘प्रो टूल्स’साठी ‘फ्लो टूल्स’ हा मॅक्रोंचा संच आहे. तो मॅक संगणकावर ‘कीबोर्ड मॅस्ट्रो’ या मॅक्रो-साधनाच्या आधारे चालतो आणि संगणकातीलच ‘व्हॉइसओव्हर’ या वाचकाची त्याला जोड असते.

यातून निघणारा बोध सरळ आहे. यांतील बरीच साधने अंध जाणकारांनी आपल्या बांधवांसाठी घडविली. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तितके थोडे. पण मॅक्रो ही अखेर कुबडी आहे, आणि प्रत्येक कुबडी रस्ता नीट बांधला नसल्याची साक्ष देते. सॉफ्टवेअर घडवतानाच प्रत्येक बटणाला नाव दिले, तर त्याला थोडेच श्रम पडतात. ते न केल्यास पुढे हजारो लोकांना चाचपडावे लागते.

आपण काय करावे? गावातील संगीतविद्यालयासाठी किंवा मुद्रणगृहासाठी असे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. स्क्रीन रीडर चालू करावा, पडदा झाकावा, माऊस बाजूला ठेवावा आणि एक ओळ मुद्रित करून पाहावी. जमले नाही, तर विक्रेत्याला कारण विचारावे. गिऱ्हाइके विचारू लागली, की बनविणाऱ्यांनाही बटणांना नावे देणे भाग पडेल.