झोंप न लागणारें यंत्र

लॅपटॉपचें झांकण मिटलें म्हणजे यंत्र झोंपलें, असा आमचाही समज होता. गेल्या चातुर्मासांत तो फिटला. रात्रीं पूर्ण चार्ज केलेलें यंत्र झांकण मिटून पिशवींत ठेविलें; सकाळीं पाहतों तों पिशवी तापलेली आणि बॅटरी रिकामी! समासांवरील आमचें चौदा पानांचें टिपण जतन करावयाचें राहिलें होतें, तें गेलें. घरांत कोणी बॅटरीस दोष दिला, कोणी आमच्या वयास. पुतण्या मात्र म्हणाला, "काका, आधीं कारण शोधूं."

आमच्या यंत्रावर लिनक्स आहे. १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं आरंभिलेला त्याचा कर्नल म्हणजे घरचा कारभारी; यंत्रास निजविणें, उठविणें त्याच्याच हातीं. मात्र ही विद्या कर्नल घडवितांनाच त्यांत घालावी लागते. म्हणून प्रथम त्याच्या घडणीची यादी पाहिली. 'कॉन्फिग सस्पेंड'पुढें 'वाय' होता. तेव्हां उणीव तेथें नव्हती.

मग 'मेम स्लीप' ही फाईल उघडली. तींत दोनच शब्द: 'एस टू आयडल' आणि 'डीप'. पहिल्याभोंवतीं चौकटी कंस होता. कंसांतला तो चालू. ही निद्रा हलकी. प्रोसेसर स्वस्थ बसतो, पण एखादें उपकरण जागें राहिलें कीं बॅटरी झिजत राहते. 'डीप'मध्यें मेमरी सोडून बहुतेक सर्वांची वीज तुटते. वेदान्त्यांचा स्वप्न आणि सुषुप्ति हा भेद आम्हांस आठवला. पुष्कळ नव्या यंत्रांत निर्मात्यानें 'डीप' ठेविलेलेंच नसतें. आमच्यांत होतें, हें नशीब.

'डीप' निवडलें. यंत्र गाढ झोंपलें, पण उठेचना! पडदा काळा.

कर्नलांत निद्रेची तालीम घेण्याचीही सोय असते, 'पीएम टेस्ट'. पायरीपायरीनें निजवून पांच सेकंदांनीं तें यंत्रास उठवितें. 'फ्रीझर' ही पायरी, म्हणजे केवळ प्रोग्राम थांबविणें, सुरळीत पार पडली. 'डिव्हायसेस'वर यंत्र अडकलें. म्हणजे दोष एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरचा. "बॅटरीही बदलून पाहूं," असें आम्हीं मध्येंच सुचविलें, तेव्हां पुतण्यानें अडविलें: एका वेळीं दोन गोष्टी बदलल्या तर अपराधी कोण, हें कसें कळावें? तीस वर्षें मुलांस गणित शिकविलेल्या आम्हांस हें ऐकावें लागलें! एकेक ड्रायव्हर उतरवून पाहिला. वायफायचा उतरवितांच तालीम पार पडली.

आतां निजण्यापूर्वीं तो आपोआप उतरतो आणि जागें होतांच पुन्हां चढतो. परवां रात्रभरांत बॅटरी अवघी दोन टक्के उतरली. टिपण पुन्हां लिहीत आहों, बहुव्रीहीपर्यंत आलों.