आदिस अबाबा कसें पाहावें

विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या नऊ अंशांवर असलेल्या एका मोठ्या नगरांत बाराहि महिने रात्रीं लोकरीचें पांघरूण लागतें, असें सांगितलें तर भूगोल शिकणाऱ्या मुलास तें प्रथम खरें वाटत नाहीं. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा हें तें नगर होय. मुंबईहून विमानानें पांच-साडेपांच तासांत तेथें पोंचतां येतें, आणि आफ्रिकेंतील इतर देशांस जाणारे पुष्कळ भारतीय प्रवासी तेथेंच विमान बदलतात. मध्यें एक-दोन दिवसांची सवड काढून नगर पाहून घ्यावें असें त्यांतील अनेकांस वाटतें. ते उतरतात, मोटारींत बसून दिवसभर फिरतात, आणि दुखरें डोकें घेऊन ‘पाहाण्यासारखें फारसें कांहीं नाहीं’ असें म्हणत पुढें जातात. दोष नगराचा नाहीं. येथें तटबंदी नाहीं, हजार वर्षांचें देवालय नाहीं. जें आहे तें उलगडून दाखविणारा माणूस लागतो, आणि त्याच्याबरोबर निघण्यापूर्वीं प्रवाशाचीहि थोडी तयारी लागते.

तयारीचा आरंभ उंचीपासून होतो. महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची सुमारें ५,४०० फूट. आदिस अबाबाचे साधे रस्तेच ७,७०० फुटांच्या आसपास आहेत. म्हणजे हें नगर उटकमंडाहूनहि किंचित् उंच आहे. हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें तीन-चतुर्थांश उरतो, त्यामुळें प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूहि चतुर्थांशानें कमी मिळतो. पाणी ९२ अंशांच्या सुमारास उकळूं लागतें आणि डाळ शिजतां शिजत नाहीं. धडधाकट मनुष्यासहि पहिल्या दिवशीं जिना चढतांना धाप लागते, डोकें जड होतें, झोंप तुटक येते. अशा वेळीं पाणी भरपूर प्यावें, जेवण हलकें ठेवावें, मद्य टाळावें आणि चढण दुसऱ्या दिवसावर टाकावी. कांहीं सहली पाहुण्यांस पहिल्याच सकाळीं एन्टोटोच्या डोंगरावर नेतात. तो तर १०,००० फुटांच्याहि वर आहे. हा क्रम आग्रहानें उलटा करून घ्यावा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असणारानें तिकीट काढण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें. उंचीचा एक लाभहि आहे: सखल मुलखांतला हिंवताप या पठारावर त्रास देत नाहीं. पाऊस मात्र आपल्याप्रमाणेंच जून ते सप्टेंबर मुबलक पडतो. तो सरतां सरतां टेकड्या पिवळ्या रानफुलांनीं भरून जातात, आणि २७ सप्टेंबरच्या सुमारास मेस्केलचा मोठा सण येतो. तेव्हांपासून पुढचे चार महिने प्रवासास उत्तम. ऊन सौम्य भासलें तरी विरळ हवेंत तें कातडी भाजतें, हें टोपी घरीं ठेवून येणारास संध्याकाळीं कळतें.

नगराचा जन्म १८८६ चा. शेवा प्रांताचा राजा दुसरा मेनेलिक याची राजधानी तेव्हां एन्टोटोच्या थंडगार माथ्यावर होती. राणी तायतू हिला डोंगराखालचे उष्ण पाण्याचे झरे आवडले. तेथें तिनें घर बांधविलें आणि त्या जागेस ‘नवें फूल’ या अर्थाचें आदिस अबाबा हें नांव दिलें. १८८९ त मेनेलिक सम्राट झाला. त्याच्या सरदारांनीं राजवाड्याभोंवतीं आपापल्या लवाजम्यानिशीं तळ दिले. अशा तळास तेथें ‘सेफेर’ म्हणतात. पुण्याच्या पेठा जशा एकेका नांवानें वसल्या, तसेच हे सेफेर वसले आणि मधली मोकळी जागा हळूहळू भरत गेली. म्हणूनच या नगरांत सरळ रस्त्यांपेक्षां वस्त्यांचीं नांवें अधिक उपयोगी पडतात. घरक्रमांक विचारण्यांत अर्थ नाहीं; जवळचें देऊळ, चौक किंवा बँक विचारावी. ‘अराट किलो’ आणि ‘सिदिस्त किलो’ हे दोन प्रसिद्ध चौक आहेत. त्यांचा अर्थ चार किलोमीटर आणि सहा किलोमीटर एवढाच.

पहिल्या पंधरा वर्षांतच या नगरावर मरण ओढवलें होतें, हें थोड्यांस ठाऊक असतें. आसपासचें जंगल चुलींत गेलें, सरपण मिळेना, आणि मेनेलिकानें पश्चिमेस आदिस आलेम येथें नवी राजधानी उभारावयास घेतली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांतून आलेलें निलगिरीचें झाड येथें लावण्यांत आलें. तें इतक्या झपाट्यानें वाढलें कीं स्थलांतराचा बेत मागें पडला. एन्टोटोवरील आजचें निलगिरीचें बन हें त्या बचावाचें स्मारक समजावें. पुढें कित्येक पिढ्या, त्या उतारावरून मणभर लाकडांच्या मोळ्या पाठीवर घेऊन उतरणाऱ्या स्त्रियांनीं नगराच्या चुली पेटत्या ठेविल्या. २०२० पासून तेथें विस्तीर्ण उद्यान झालें आहे. केवळ देखावा पाहून न परततां त्या बायकांची वाट कोणती, हें वाटाड्यास विचारावें.

आतां घड्याळाकडे वळूं, कारण सर्वांत अधिक घोटाळे येथेंच होतात. इथिओपियन मनुष्य दिवस सूर्योदयापासून मोजतो. आपल्या घड्याळांत सकाळचे सात वाजतात तेव्हां त्याचा एक वाजलेला असतो; दुपारचे बारा म्हणजे त्याचे सहा. जुन्या काळीं आपल्याकडेहि दिवस सूर्योदयापासूनच धरीत आणि ‘चार घटका दिवस आला’ असें म्हणत. तेव्हां मराठी माणसास हें नवल वाटूं नये. परंतु वाटाड्या ‘उद्यां दोन वाजतां येतों’ म्हणाला कीं त्याचा अर्थ सकाळचे आठ होतो, आणि पाहुणा दुपारपर्यंत निवांत बसून राहातो. सोपी युक्ति अशी: वेळ ठरवितांना ‘तुमच्या घड्याळानें कीं परदेशी घड्याळानें’ हें नेहमी विचारावें, आणि सहा तासांचें अंतर ध्यानांत ठेवावें. विमानांच्या वेळा मात्र परदेशी रीतीनेंच असतात. भारतीय वेळेच्या त्या अडीच तास मागें धराव्या. पंचांगहि निराळें आहे. तीस दिवसांचे बारा महिने आणि पांच किंवा सहा दिवसांचा तेरावा. नवें वर्ष ११ सप्टेंबरास, आणि कांहीं वर्षीं १२ तारखेस, लागतें. सालाचा आंकडा आपल्याहून सात-आठांनीं लहान. तेथें २००० साल उजाडलें तें २००७ च्या सप्टेंबरांत. एखाद्या पावतीवर जुनें साल दिसलें म्हणजे ती खोटी, असें समजूं नये.

वाटाड्या पारखण्याची जागा राष्ट्रीय संग्रहालय ही होय. १९७४ त अफार प्रदेशांत हाडार येथें सांपडलेला, सुमारें बत्तीस लक्ष वर्षांपूर्वींच्या मानवसदृश स्त्रीचा सांगाडा जगभर ‘ल्यूसी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तेथील लोक तिला ‘डिंकिनेश’, म्हणजे ‘तूं अद्भुत आहेस’, असें म्हणतात. संग्रहालयांत मांडलेला सांगाडा ही तिची प्रतिकृति आहे. मूळ अस्थि बंदोबस्तांत ठेवलेल्या असतात. जो वाटाड्या हें आपण होऊन सांगतो, तो पुढेंहि खरें सांगेल असें मानण्यास हरकत नाहीं. तेथून होली ट्रिनिटी कॅथीड्रल जवळ आहे. १९७४ त पदच्युत झालेला सम्राट हायले सेलासी पुढल्या वर्षीं कैदेंत मृत्यु पावला. त्याचीं हाडें १९९२ त राजवाड्याच्या आवारांत सांपडलीं आणि २००० सालीं या देवळांत त्यांस समाधि मिळाली. मेस्केल चौकाजवळ २०१० त उघडलेलें ‘लाल दहशती’चें स्मारक-संग्रहालय आहे. लष्करी राजवटींत मारल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी, कपडे आणि अस्थि तेथें ठेवल्या आहेत. लहान मुलांस तेथें नेऊं नये. प्रौढांनीं टाळूं नये.

जुना बाजारभाग पियासा याची गोष्ट वेगळी. लांकडी सज्जांचीं, कोरीव महिरपींचीं येथील जुनीं घरें ग्रीक, आर्मेनियन आणि भारतीय कारागिरांच्या हातांची आठवण देत असत. २०२४ त रस्ते रुंद करण्याच्या योजनेंत या भागाचा मोठा तुकडा पाडण्यांत आला आणि हजारों रहिवासी नगराच्या कडेला हलविले गेले. त्यापूर्वींचीं प्रवासपुस्तकें व नकाशे या भागापुरते निरुपयोगी झाले आहेत. घरें जीर्ण होतीं, नळ आणि शौचकूप पुरेसे नव्हते, हें खरें आहे; पिढ्यान् पिढ्यांचा शेजार एका हंगामांत मोडला, हेंहि तितकेंच खरें आहे. येथें मोटारींतून पाहाण्यासारखें फार थोडें उरलें. पण याच गल्ल्यांत वाढलेला वाटाड्या मिळाला तर त्याच्याबरोबर तासभर पायीं हिंडावें. कोठें कोणाची भट्टी होती, कोणत्या ओट्यावर कॉफी मिळे, हें तो रिकाम्या जागेकडे बोट दाखवून सांगतो, आणि त्या एका तासाचें मोल दिवसभराच्या सहलीहून अधिक ठरतें. जवळच सेंट जॉर्जचें अष्टकोनी देऊळ आणि २०२४ च्याच फेब्रुवारींत उघडलेलें अडवाच्या विजयाचें स्मारक आहे. १ मार्च १८९६ रोजीं अडवा येथें मेनेलिकाच्या सैन्यानें इटलीच्या फौजेचा पराभव केला, तो हा विजय.

शाकाहारी कुटुंबांस जेवणाची चिंता पडते. ती अनाठायीं आहे, मात्र वार पाहून जावें. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारीं आणि शुक्रवारीं, तसेंच ईस्टरपूर्वीं पंचावन्न दिवस उपवास पाळतात. त्यांत मांस, अंडें, दूध, तूप सर्व वर्ज्य. म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या एकादशीहून तो कडक. त्या दिवशीं ‘त्सोम’ एवढा शब्द उच्चारला कीं डाळी, भाज्या आणि हरभऱ्याच्या पिठाचा ‘शिरो’ पुढें येतो. तो आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. हें सर्व टेफ नांवाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या भल्या मोठ्या आंबोळीवर, म्हणजे ‘इंजेरा’वर, वाढतात आणि सगळे एकाच ताटांत उजव्या हातानें जेवतात. इतर वारीं भाजींतहि मसाल्याचें लोणी असतें, म्हणून विचारून घ्यावें. यजमानानें आपल्या हातानें घास भरविला तर तो ‘गुर्शा’ होय. तो नाकारणें असभ्य. जेवणानंतर हिरवे दाणे समोर भाजून केलेली कॉफी तीन वेळां मिळते. त्यास तासभर लागतो, तो कार्यक्रमांत आधींच राखून ठेवावा.

भारतीय पाहुण्याचें येथें बहुधा आपुलकीनें स्वागत होतें. सम्राटाच्या काळांत शेंकडों भारतीय शिक्षक तेथील शाळांत होते, आणि वयस्क माणसांस अजून आपला गणिताचा मास्तर आठवतो. संबंध त्याहूनहि जुना आहे: निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर, ज्यानें खडकी, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, वसविलें, तो जन्मानें याच देशाचा होता. ‘हबशी’ हा आपला शब्दहि त्या लोकांच्या ‘हबेशा’ या नांवाशींच जोडलेला आहे.

राजवाडे, सरकारी कचेऱ्या आणि शिपाई यांचीं छायाचित्रें घेऊं नयेत. जुलै २०२४ पासून बिर या नाण्याचा भाव बाजारावर सोडला आहे, म्हणून जुन्या पुस्तकांतील दर धरूं नये. पैसे बँकेंतच बदलावे. तिग्रे प्रांतांतील युद्ध २०२२ त थांबलें, तरी राजधानीबाहेर जावयाचें असल्यास भारतीय वकिलातीची ताजी सूचना पाहावी. आणि पीतज्वराची लस निघण्यापूर्वीं किमान दहा दिवस घ्यावी. साठीच्या पुढील माणसांनीं ती डॉक्टरांच्या विचारानेंच घ्यावी. तिचें प्रमाणपत्र पासपोर्टाबरोबर ठेवावें, कारण तें नसल्यास मुंबईस परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवण्यांत येतें.