पोटुशी बाई, उसाचा फड आणि नऊ महिन्यांची तपासणी



लागण, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी आपण या पानांवर नेहमीच बोलतो. या खेपेचा विषय घरातला आहे आणि फडातलाही आहे. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या दोन तऱ्हेच्या बाया गरोदरपणात गाव सोडतात. एक पहिलटकरीण लेक, जी ओटीभरण झालं की माहेरी येते. दुसरी गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या बाजूची, जी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात उतरते. पहिलीकडे बघायला घरात चार बायका असतात. दुसरी पोट घेऊन वाकून ऊस तोडते, हे बांधावर उभे राहणाऱ्या प्रत्येक सभासदाने कधी ना कधी पाहिलेले आहे. म्हणून हा लेख बायांनी वाचावाच, पण गड्यांनीही वाचावा.

दिवस गेल्यावर शरीरात काय होते, ते आधी पाहू. एरवी गर्भपिशवी मुठीएवढी, साठ-सत्तर ग्रॅमची असते. नऊ महिने भरेपर्यंत तीच सुमारे एक किलोची होते, मूल आणि पाणी वेगळे. बारा आठवड्यांनंतर ती ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागते. सहाव्या महिन्यात बेंबीपाशी येते आणि नवव्यात छातीखाली टेकते. मग दम लागणे, जेवल्यावर घशाशी येणे, नीट झोप न लागणे हे ओघानेच आले. बाईचे वजन साधारण नऊ ते अकरा किलोंनी वाढावे. पोटावर काळी रेघ उठते, तोंडावर वांग येतात. त्याने घाबरण्याचे कारण नाही.

खरी गोष्ट रक्ताची आहे. गरोदरपणात अंगातले रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. पण त्यातला पातळ भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. मिलवर पाणी सोडले की रसाचे ब्रिक्स उतरते, तसाच हा प्रकार. म्हणून धडधाकट बाईचेही हिमोग्लोबिन थोडे खाली येते. मात्र ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरावा आणि ७ च्या खाली गेले की तो दवाखान्यातच न्यायचा मामला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. अशा बाईला बाळंतपणात जरा जास्त रक्त गेले तरी झेपत नाही.

यासाठीच चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिक ॲसिडची गोळी असते. लोहाच्या गोळीने मूल काळे होते, असे म्हणून ती उकिरड्यावर टाकणारी घरे अजून आहेत. मूल काळे होत नाही, शौच काळे होते, आणि ते गोळी लागू पडल्याचे लक्षण समजायला हरकत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये. कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये, दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. गूळ-शेंगदाणे, ज्वारी-बाजरीची भाकरी, अंबाडी, मेथी, वर लिंबाची फोड, हे सगळे उत्तमच. पण गूळ खाल्ला म्हणून गोळी नको, असे होत नाही. आपण साखर-गुळाची माणसं आहोत, तरी हे सांगितलेच पाहिजे.

“जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं,” असे म्हणणाऱ्या सासवांशी आमचे पटत नाही. उपाशी आईचे मूल हलके आणि किरकोळ जन्मते, बाळंतपण काही सोपे होत नाही.

आता फडातल्या बाईकडे येऊ. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल पडतात आणि पोटाचा भार पुढे गेल्याने कंबर मागे ओढली जाते. अशा स्थितीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे म्हणजे पाय घसरण्याला आमंत्रण. चढत्या महिन्यांत मोळी वाहणे आणि गाडी भरणे तिच्याकडे देऊच नये. दुसरी गोष्ट लघवीची, जी कोणी बोलत नाही. पिशवीचा दाब पडल्याने लघवीला वारंवार लागते. फडात आडोसा नाही, म्हणून बाई पाणीच पीत नाही. गरोदरपणात लघवीच्या नळ्याही सैलावलेल्या असतात, त्यामुळे खालचा जंतुदोष मूत्रपिंडापर्यंत चढतो, ताप येतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. सभासदाने बांधावर पिण्याच्या पाण्याचा हंडा आणि चार कापडांचा आडोसा ठेवला तर खर्च काहीच नाही. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात तोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणे बाहेर आली, त्यावर सरकारने समिती नेमली. त्या दुखण्याची मुळे अशाच अंगावर काढलेल्या त्रासात आणि खाडा पडू नये या धाकात होती.

तपासण्या किमान चार: पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस आणि चौथी छत्तीस आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ सांगते, पण चार तरी चुकू नयेत. हिशेब करून पाहा. शेवटची पाळी १ जुलैला आली असेल तर नऊ महिने आणि सात दिवस मिळवून बाळंतपण ८ एप्रिलच्या आसपास. पहिली तपासणी सप्टेंबरात गावीच होते. तिसरी जानेवारी-फेब्रुवारीत आणि चौथी मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात, परक्या गावी, कोपीत राहत असताना. नेमका हाच काळ रक्तदाब चढण्याचा.

त्यासाठी गावी नोंदणी झाल्यावर मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड हा कागद उचलीच्या चिठ्ठीपेक्षा जपून ठेवावा. त्यावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, धनुर्वाताच्या सुया, सगळे लिहिलेले असते. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई पुढची तपासणी तेथून चालू करू शकते. माहेरी येणाऱ्या लेकीलाही हेच लागू. दर तपासणीला रक्तदाब मोजला गेला का, लघवी तपासली का, हे घरच्यांनी विचारावे. विचारण्यात संकोच कसला? सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी, मात्र मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

संध्याकाळी पाय थोडे सुजणे चालते. पण तोंड-हात सुजले, डोके ठणकायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब चढला असे समजून लगेच हलवावे. १४०/९० च्या पुढे गेला की धोका, आणि झटके येईपर्यंत थांबू नये. थोडेही रक्त जाणे, पाणी फुटणे, ताप, आणि पाचव्या महिन्यात जाणवू लागलेली बाळाची हालचाल कमी होणे, यांतही देवऋषी नको आणि “उद्या बघू” नको. १०८ ला फोन करावा. फोन करणाराला गट नंबर ठाऊक असतो, पण गाडीवाल्याला तो कळत नाही. म्हणून शिवार, रस्ता आणि जवळचे देऊळ किंवा शाळा सांगावी.

पैशाचे म्हणाल, तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषध आणि जाण्यायेण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत निकषात बसणाऱ्या बाईला पहिल्या खेपेस ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे. आधार आणि बँक खाते बाईच्याच नावाचे लागते, नवऱ्याचे चालत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. ही सोय २०१६ पासून आहे. आमची विनंती एवढीच की, ज्या सभासदाच्या प्लॉटात ९ तारखेला तोड असेल, त्याने टोळीत कोणी गरवार आहे का ते मुकादमाला आदल्या दिवशी विचारून ठेवावे, त्या दिवसाचा खाडा धरू नये असे त्याला बजावावे आणि सकाळी मोटारसायकल किंवा जीप जी असेल ती द्यावी. ती दुपारपर्यंत परत येते.