रात्रपाळीची मावशी

दसरा सरला, ढाणकीच्या शिवारात कापूस फुटला, की मला अजून धडकी भरते. शेत माझं नाही. मी अकरा वर्षं एका वृद्धाश्रमाची अधीक्षक होते, आणि वेचणी लागली की आमच्या मावश्या जायच्या.

मावशी म्हणजे काळजीवाहक. कागदावर काळजीवाहक, तोंडात मावशी. वेचणीचे पैसे किलोवर आणि वेळेवर हातात. आमचा पगार दोन-दोन महिने लांबणीवर. तिच्या घरी पोरांच्या फिया, बियाण्याची उधारी. मी कोणत्या तोंडाने तिला थांब म्हणावं?

लोकांना मी एक हिशेब घालते. एका खोलीत चोवीस तास एक मावशी हवी, तर बाया किती ठेवायच्या? सगळे तीन म्हणतात. आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन. पण आठवड्याच्या पाळ्या होतात 21 आणि एक बाई करते 6. म्हणजे साडेतीन. त्यात लेकराचा ताप, भावकीतली तेरवी, तिचं स्वतःचं कंबरेचं दुखणं धरलं की चारही पुरत नाहीत. आमच्याकडे 40 म्हातारी माणसं, दिवसा दोघी आणि रात्री एक. ती एक आजारी पडली की रात्र माझी.

रात्रीच खरं काम असतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि मग जखम पडते. दोघी असल्या तर खालच्या चादरीला धरून उचलून वळवता येतं. एकटी ओढते, आणि ओढताना तीच कातडी सोलते. जखम दिसली की नातेवाईक मावशीवर ओरडतात. दुसरी बाई का नव्हती, हे कुणी विचारत नाही.

देणगीदार वाईट नव्हते. वाढदिवसाला पंगत, थंडीत घोंगड्या, पंखे. पंख्यावर नाव घालता येतं, मावशीच्या पगारावर कुठं घालणार! कायद्याचंही तसंच. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 19 आहे: शासनाने दर जिल्ह्यात निदान एक, 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारावा. मी ते वाचलं तेव्हा आधी खाटा मोजल्या नाहीत, मावश्या मोजल्या.

आमचे संस्थापक दादा देवमाणूस. पण कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला आणि चेकवर सही त्यांचीच. एकदा ते महिनाभर दवाखान्यात होते, तर इकडे पगारच निघाला नाही; दोघी सोडून गेल्या. त्यांना नंतर सांगितलं तर म्हणाले, "मी बरा होणारच होतो ना." आपल्या विदर्भातल्या थोर संस्था एकेका माणसाने उभ्या केल्या. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून आपलं नाव दिलं; 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं भरली की मतिमंद लेकराने जायचं कुठं, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. एवढं मोठं काम पाहिलं की मी हात जोडते, आणि माझ्यातली अधीक्षक हळूच विचारते, बाबांनंतर किल्ल्या कोणाकडे?

म्हणून मला बाबा आमटेंचं एक वागणं फार मोठं वाटतं. 1949 साली उभं केलेलं आनंदवन 1990 मध्ये मुलाच्या, कार्यकर्त्यांच्या हाती ठेवून ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. संस्थापक हयात असताना बाजूला झाला आणि घर चालू राहिलं, असं किती ठिकाणी घडतं?

मीही दादांसारखीच होते, हे उशिरा कळलं. एका रात्री एका आजोबांना धाप लागली. मावशी माझा फोन लागेपर्यंत तासभर थांबली, कारण मला विचारल्याशिवाय गाडी बोलवायची नाही, हा नियम माझाच होता. आजोबा वाचले. सकाळी मी दारामागे खडूने मोठ्या आकड्यात 108 लिहिलं: आधी हा नंबर, मग ताईचा. औषधांच्या कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे दिली. दादा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

परवा त्याच मावशीचा फोन आला. मी भीतभीत विचारलं, वेचणीला गेलीस का गं?

"नाही ताई. औंदा रातीला दोघी आहोत," ती म्हणाली, आणि कुणीतरी पाणी मागत होतं म्हणून फोन ठेवला.