सर्व्हिसिंग झालं, दिवा लागला!

गाडी परवाच सर्व्हिसिंगहून आलीय. बिल भरून झालंय, आतून-बाहेरून चकाचक आहे, एअर फ्रेशनरचा वासही अजून टिकून आहे. आणि ऐन सिग्नलला डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. मग आपल्यातले निम्मे लोक एफएमचा आवाज वाढवून त्याच्याकडे काणाडोळा करतात. उरलेले घाबरून गॅरेजला फोन लावतात आणि पलीकडून येईल त्या आकड्याला 'हो' म्हणून मोकळे होतात. बॉस, दोन्ही महागात पडतं!

आधी रंग बघा

लाल दिवा म्हणजे 'थांब'. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला, तर सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइल नुकतंच बदललं असेल तर गाडीखाली डाग आहे का तेही बघा. ड्रेन प्लग किंवा फिल्टर ढिला राहिला तर ऑइल गळतं आणि ऑइलविना इंजिन काही मिनिटांत कामातून जातं. तापमानाचा लाल दिवा असेल तरीही थांबायचं, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही.

पिवळा दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर बेताने घरी किंवा ऑफिसला पोचता येतं. पण तोच पिवळा दिवा उघडझाप करायला लागला तर प्रकरण वेगळं. इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथे जळून त्याला भाजून काढतंय. हा पार्ट भलताच महाग. तेव्हा अशी गाडी रेटू नका. आणि नुसता पान्याचा दिवा असेल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये ती फक्त सर्व्हिसिंगची आठवण असते. गॅरेजवाला ती रीसेट करायला विसरलेला असतो, इतकंच.

हात कुठे लागला होता?

माझ्या गाडीत सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्याच दिवशी पिवळा दिवा लागला. गॅरेजला फोन केला तर उत्तर तयार होतं. "मॅडम, सेन्सर गेलाय. गाडी सोडा, बदलून टाकतो." गाडी न बघता निदान! मी विचारलं, "कोड काय आलाय?" पलीकडे जरा शांतता. मग, "आणा, स्कॅन करू."

हा कोडच खरी गोष्ट. दिवा लागतो तेव्हा गाडीतला कॉम्प्युटर एक नंबर लिहून ठेवतो. भारतात २०१० मध्ये भारत स्टेज फोरच्या नियमांबरोबर ही व्यवस्था आली आणि २०१३ पासून तिचा पुढचा टप्पा लागू झाला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लावला की नंबर दिसतो. माझ्या गाडीत आला पी ०११३. म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं दिसतंय. आता सर्किट तुटायला सेन्सर बिघडलेला असू शकतो, वायर तुटलेली असू शकते किंवा प्लगच निघालेला असू शकतो. कोड लक्षण सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही.

मी जॉब कार्ड काढून दाखवलं. एअर फिल्टर बदलला होता. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडलं, फिल्टरच्या डब्याजवळ हात घातला आणि 'टक्' आवाज आला. सेन्सरचा प्लग नीट बसलाच नव्हता, खड्ड्यांच्या दणक्याने सुटला होता. काम दोन मिनिटांचं, नवा सेन्सर नाही की बिल नाही. काका स्वतःच म्हणाले, "पोरं घाईत असतात हो."

मुद्दा हाच आहे. काम झाल्यावर लगेच दिवा लागला, तर आधी जिथे हात लागला होता तिथेच बघायचं. ढिला प्लग, निसटलेला पाइप, नीट न बसलेला फिल्टरचा डबा. अर्थात दरवेळी चूक गॅरेजचीच असते असं नाही. जुना पार्ट योगायोगाने त्याच आठवड्यात जाऊ शकतो. पण तपासण्याआधी पैसे कशाला मोजायचे?

'दिवा घालवून देतो' म्हणजे दुरुस्ती नव्हे

काही जण नुसता कोड पुसतात किंवा बॅटरीचं टर्मिनल काढून लावतात. दिवा जातो, आपण खूश! पण बिघाड तसाच असेल तर काही फेऱ्यांनी स्वारी परत हजर. वर बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली गेलेली असते, मग पुढचा मेकॅनिक अंधारात चाचपडतो. उलट मूळ दोष खरोखर दूर झाला, तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपला आपण विझतो.

गॅरेजच्या दारात हे करा

- दिव्याचा फोटो काढा. तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.
- कोड पुसण्याआधी स्कॅन रिपोर्ट मागा, निदान स्क्रीनचा फोटो तरी घ्या.
- "आधी केलेलं काम तपासा" असं जॉब कार्डवर लिहून घ्या.
- पार्ट बदललाच तर जुना परत मागा.
- आवाज चढवू नका. कागद हातात असला की त्याची गरज पडत नाही.
- तरीही दाद लागली नाही, तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

इंजिनातलं सगळं आपल्याला कळायलाच हवं असं नाही. "कोड काय आलाय?" हे तीन शब्द पाठ असले तरी समोरचा बॉनेट उघडून नीट बघतो. आपल्या खिशासाठी तेवढंही पुष्कळ आहे!