नवतपात माती, मृगात बी

अमरावतीचं साईनगर असो की अकोल्याचा गोरक्षण रोड, नव्या ले-आउटमधल्या घरामागे एक पट्टा हमखास उरतो. बांधकामातली गिट्टी, विटांचे तुकडे आणि सिमेंटची रिकामी पोती तिथेच पडून राहतात. पुढे वर्ष-दोन वर्षांत त्यावर फरशी बसते आणि विषय संपतो. घरात लहान मुलं असलेल्या जोडप्यांनी फरशीवाल्याला बोलावण्याआधी थोडं थांबावं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढ्या जागेतही घरची परसबाग होते आणि ती घरातल्या सगळ्यांनी मिळून करता येते.

तिची गरज ताटावरूनच कळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असावीत, असं त्यांत म्हटलं आहे. वऱ्हाडी जेवणात वरण, पोळी, भाकर भरपूर असते, पण उन्हाळ्यात भाजी महागली की पालेभाजीचं प्रमाण घटतं. शंभर चौरस फुटांची बाग हे सगळं भरून काढत नाही, बाजार करावाच लागतो. पण मेथी, पालक, सांबार, मिरची आणि वांगी एवढं तरी दारचं आणि ताजं मिळतं.

सगळ्यात आधी हात घालायचा तो मातीला. वऱ्हाडची काळी माती चिकणमातीने भरलेली असते. पावसात ती फुगते आणि पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. कपाशीची खोल मुळं हे सोसतात, मेथी-पालकाची नाजूक मुळं मात्र साचलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून सपाट वाफ्यांऐवजी सहा इंच उंचीचे गादीवाफे करावेत. रुंदी साडेतीन-चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे मुलांचा हातही कडेवरून मधोमध पोचतो आणि माती तुडवली जात नाही. ले-आउटमध्ये भरावाचा मुरूम असेल, तर फूटभर खोदून गिट्टी वेचून काढावी आणि शेतातली माती व कुजलेलं शेणखत मिसळून भरावं.

याला उत्तम काळ म्हणजे मे महिन्याची अखेर. नवतपात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. त्या उन्हात खणलेली माती उलटीपालटी करून तापू दिली, की किडींचे कोष आणि बरंचसं तणाचं बी मरतं. मग मृगाचा पाऊस पडून जमिनीत चांगली ओल झाली की भेंडी, गवार, बरबटी, दोडकं, कारलं आणि अंबाडी लावावी. मेथी, पालक, मुळा आणि सांबार यांची खरी मजा दसरा-दिवाळीनंतर.

पाण्याचं गणित मात्र गाव पाहून मांडावं लागतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांत बोअरचं पाणी खारट लागतं. असं पाणी सतत दिलं तर माती घट्ट होते. घेवडा, गाजर, कांदा यांना ते सोसत नाही, बीट आणि पालक बऱ्यापैकी तग धरतात. अशा गावांत छताचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून बागेला राखून ठेवावं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सगळीकडेच चालतं. मोरीच्या साबणाच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची जुनी रीत आहे, वाफ्यात मात्र ते सोडू नये.

उन्हाळ्यात सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार तीन-चार इंच जाड अंथरलं की ओल टिकते आणि जमीन भेगाळत नाही. वाफ्याच्या मध्ये मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवलं, तर ते झिरपत-झिरपत मुळांशी ओल पोचवतं. मडक्यात पाणी भरायचं काम मुलांकडे सोपवावं.

मुलांना आपला स्वतंत्र वाफा द्यावा आणि त्यात मुळा पेरायला लावावा. चार-पाच दिवसांत कोंब वर येतो, पाच-सहा आठवड्यांत मुळा उपटता येतो. मुलांचा धीर तेवढाच टिकतो. वांग्याला रोप लावल्यापासून दोन महिने लागतात, ते आई-वडिलांनी सांभाळावं. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचणं हेही मुलांचंच काम. वाळवून कुटलेली ५० ग्रॅम निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळली, की मावा-तुडतुड्यांवर फवारायला अर्क तयार होतो.

खताची वाट दाखवणारा माणूसही इथलाच आहे. २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांच्या जीवामृताचं एकरी प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे. घरच्या बागेसाठी ते दहापट कमी करावं: २० लिटर पाणी, एक किलो देशी गाईचं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. दोन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळावं. मोठ्या शेतीत केवळ यावर भागेल का, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परसबागेत मात्र शेणखताच्या जोडीला ते वापरून पाहायला हरकत नाही.

बियाणं निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देत नाही. देशी वाणाचं बी जपून वर्षानुवर्षं वापरता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘अरुणा’ वांगी आणि ‘जयंती’ मिरची हे वाण वऱ्हाडच्या हवेत रुळलेले आहेत. अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे बियाण्याबरोबर सल्लाही मिळतो.

पहिल्या वर्षी पाच-सहाच भाज्या लावाव्यात. कुंपणाला वाल चढवावा, कोपऱ्यात एक शेवगा आणि एक गोडनिंब असू द्यावा. ही दोन झाडं एकदा लागली की वर्षानुवर्षं देत राहतात. मृगाला अजून अवकाश असेल, तर येत्या रविवारी आई-बाबा आणि मुलं मिळून निदान गिट्टी तरी वेचून घ्यावी.